प्रोसेसर पळवायला गेलो

कूलरच्या ओल्या खसचा वास आला की आमचा म्हातारा कॉम्प्युटर आठवतो आणि अजूनही डोकं फिरतं. एका व्हिडिओतला भैया म्हणे, “स्पीड बढ़ाओ, बस ठंडा रखो.” म्हणून मी प्रोसेसरचा स्पीड वाढवला आणि कॉम्प्युटरचा डबा उघडून चालू कूलरसमोर ठेवला. दोन मिनिटांत स्क्रीन काळी. आत दीदीची बीएडची फाइल होती, उद्याच जमा करायची. “काहून हात लावला तू?” “फास्ट करून राहिलो होतो.” “झाला ना फास्ट, सरळ वर गेला,” दीदी रडत म्हणाली. बाबा डबा घेऊन कमानिया गेटच्या रिपेअरवाल्याकडे गेले. तो माझं नाव सांगेल म्हणून, बाबा आता ऑफिसला पोचले असतील असं धरून, मी शेजारच्या काकूंच्या फोनवरून बाबांना फोन लावला आणि त्या रिपेअरवाल्याच्या नाकातल्या आवाजात बोललो, “साहब, लाइट का झटका लगा है, बच्चे की गलती नहीं.” बाबा शांतपणे म्हणाले, “अच्छा. मग माझ्यासमोर चहा पिऊन राहिला तो कोण? दीदीला सांग, फाइल वाचली. आणि फोन परत दे, इथं काकूंचं नाव दिसून राहिलं.” नकला मी आजही करतो, पण ज्याची करायची तो कुठं बसलाय ते आधी विचारून घेतो.