बाईंच्या पियानोत उंदीर

“हात दाखवा बरं. आता उलटे करा.”

पियानोजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला बाईंचं हे फर्मान असे. मग तो पोस्टमन असो नाहीतर चर्चचे पाळक. तुम्ही गेला असतात तर तुम्हीही सुटला नसतात.

नगरच्या आमच्या गल्लीत तो एकच पियानो. मायदेशी परतणाऱ्या एका मडमेनं बाईंना दिलेला. मी बाईंच्याच शाळेत मास्तर, आणि राहायला भिंतीला भिंत लागून. त्यामुळे त्याचे लाड मला पाठ होते. आत डांबराच्या गोळ्या, वर जुन्या साड्यांची गोधडी, आणि लाकूड कोरडं पडून तडकू नये म्हणून खाली पाण्याचं पातेलं.

दुष्काळाच्या वर्षी टँकरपाशी एकीनं विचारलंच, “बाई, माणसांना प्यायला नाही आणि पियानोला पाणी?”

“तांदूळ धुतलेलं आहे हो. तुमच्याकडे भात झाला की तुमचंही पाठवा!”

त्याच पाण्याच्या वासानं एक उंदीर आला आणि पियानोतच राहिला. हे कळलं कधी, तर बाईंच्या एकुलत्या मुलीला, रूथला बघायला पाहुणे आले तेव्हा. आधीची दोन स्थळं हातची गेलेली. बाई धास्तावून होत्या. मलाही त्यांनी सोबतीला बोलावलं होतं.

पाहुणे कोपरगावकडचे, ऊसवाले. मुलाच्या वडिलांनी कपबशी पियानोवर ठेवली. बाईंनी हसत हसत ती उचलली. त्यांनी पुन्हा ठेवली. बाईंनी पुन्हा उचलली. तेवढ्यात पियानो आपोआप वाजला. टिंग!

“आरं, ह्यो कोन वाजवतोय?”

टुंग, टिंग, टिंग!

“उंदीर!” बाई किंचाळल्या. “आतल्या हातोड्यांची लोकर खातोय मेला!” पदर खोचून त्या गुडघ्यांवर बसल्या. “मुलाकडच्यांनी दार अडवा! मास्तर, खिडकी!”

नवरामुलगा खालची फळी काढायला वाकला.

“आधी हात दाखवा!”

त्यानं शहाण्या पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. मघापासून मान खाली घालून बसलेली रूथ फिस्सकन हसली. मग तोही हसत सुटला. फळी निघाली आणि उंदीर सुटला तो थेट वडिलांच्या धोतराकडे. “आयायाय! धरा की रं!” म्हणत ते खुर्चीवर चढले. दारात मुलाचे मामा उभे होते, ते हसून हसून दुमडले, आणि उंदीर त्यांच्या पायांतून पसार झाला.

बाई भानावर आल्या. “गेलं हेही स्थळ,” त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या.

खुर्चीवरून उतरत, घाम पुसत मुलाचे वडील म्हणाले, “पोरगी पसंत हाय. पन बाई, त्यो पियानो आंदन देऊ नका.”

“मागितलात तरी देणार नाही!”

लग्न झालं. पुढच्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. रूथ बोलवायची, पण पियानो सोडून त्या हलेनात. शेवटी एका सकाळी व्याहीच ट्रक घेऊन दारात आले.

“चला बाई. त्येच्यासाठी दार रुंद करून घेतलंय.”

बाई आत गेल्या आणि पियानोवरची गोधडी घट्ट बांधू लागल्या.

सगळ्या गल्लीनं मिळून पियानो चढवला. ड्रायव्हरशेजारी जागा ठेवली होती, पण बाई मागेच बसल्या. ऊन चढलं होतं. ट्रक हलला तशी त्यांनी छत्री उघडली आणि पियानोवर धरली. स्वतः उन्हात, दुसऱ्या हातानं आम्हाला टाटा करत, लहान मुलीसारख्या हसत त्या वळणापलीकडे गेल्या.