दोन खरं, एक खोटं

आमचे हे गेले आणि घरातलं बोलणंच गेलं. मी तोंडाची फटकळ, वर्गात पोरांना दरडावण्यात जन्म गेला. दारात आलेल्याला बसवून घेणं, त्याच्या म्हशीपासून मेहुण्यापर्यंत चौकशी करणं, हे सगळं त्यांचं काम. आता लोक यायचे, भिंतीकडं बघायचे, "बरं हाय न्हवं?" विचारायचे आणि चहा संपला की उठायचे. मग मीही ठरवून टाकलं की ही सगळी माणसं त्यांची होती, माझं बेळगावात कुणी नाही.

लेक इस्रायलमध्ये असते. ती रोज फोनवर एकच धोशा लावायची, "आई, कायमची ये." कंटाळून एक दिवस मी हो म्हटलं. ती म्हणाली, सण संपला की कागद भरते. म्हणजे हनुक्का. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. प्रार्थना हिब्रूत, भांडण मराठीत. कोकणात आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. तेव्हा हा तेलाचा, दिव्यांचा सण आमच्या अंगवळणी पडायला वेळ लागला नाही.

शेवटच्या, आठव्या संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलवायचं ठरवलं. निरोपाचं जेवण, पण निरोपाचं आहे हे सांगायचं नाही. रडारड मला सोसत नाही.

माणसं चारच. समोरच्या आक्का आणि त्यांचे आप्पा. आक्का माहेरच्या बोरगावच्या, जैन, सासरी बेळगावच्या कॅम्प भागात येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोली तिकडचीच. आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा खानापूरकडचा बँकेतला मुलगा आणि त्याची बायको. लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तिथं सगळे गप्प बसतील. मी खेळ पाठवते. इकडं मोठी माणसंसुद्धा खेळतात." आणि तिनं व्हॉट्सॲपवर भलीमोठी यादी धाडली.

आक्का-आप्पा दिवस मावळल्यावर खात नाहीत आणि आमचे दिवे मावळल्यावर लागतात. म्हणून साडेपाचलाच पानं मांडली. सणाला तळलेलं हवं, बटाटा आक्कांना चालत नाही, तेव्हा खडेबाजारातून कच्ची केळी आणून भजी केली आणि गूळ-खोबऱ्याच्या करंज्या. सगळे जेवले. गप्प. भज्यांचा कुरकुर आवाज तेवढा ऐकू येत होता.

दिवे लावले. थंडीनं खोबरेल गोठलेलं, ते गॅसशेजारी ठेवून पातळ केलं होतं. आठ दिवे आणि ते पेटवायला नववा. या उजेडात काम करायचं नसतं, नुसतं बसून बघायचं असतं. आता बसायचं म्हणजे बोलायला हवं. मी चष्मा लावला आणि पहिला खेळ वाचला: प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचं नाव सांगून ओळख करून द्यावी.

"नाव?" आक्का लाजल्या. "अगं बया! तसं कसं घ्यायचं? उखाण्यात घेतो." आणि पदर सारखा करून सुरू झाल्या, "बोरगावच्या मळ्यात उसाला आला तुरा..." तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मोकळ्या गळ्याकडं गेली. पुढची ओळ तोंडातच राहिली. नाव काही आलं नाही. आप्पा छताकडं बघायला लागले. मनात म्हटलं, वा गं लेकी, छान बोलतं केलंस सगळ्यांना!

दुसरा खेळ, भोवरा. हनुक्काचा चौकोनी लाकडी भोवरा लेकीनंच मागं दिला होता. प्रत्येकापुढं मूठभर शेंगदाणे ठेवायचे, भोवरा पडेल तसे जिंकायचे नाहीतर घालवायचे. आप्पांनी हौसेनं बाह्या वर सारल्या. आक्कांनी त्यांचा हात धरला. "ह्यो जुगार हाय. आमच्यात सप्तव्यसनातलं पयलंच. शेंगा का असंनात, लावल्या की लावल्या." झालं! शेंगदाणे परत डब्यात. माझं डोकं तापायला लागलं. एवढ्या वर्षांचा शेजार, शेवटची संध्याकाळ, आणि आम्ही पाच शहाणी माणसं दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी बसलेलो.

तिसरा खेळ मी जवळजवळ हुकूम सोडावा तसा वाचला. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या. दोन खऱ्या, एक खोटी. खोटी कुठली ते बाकीच्यांनी ओळखायचं. "आप्पा, तुम्ही."

आप्पा विचार करून म्हणाले, "एक, मला साखर हाय. दोन, मी दोन करंज्या खाल्ल्या. तीन, खिशात आणखी एक हाय, उद्यासाठी."

"खोटं कुठलं?" मी विचारलं.

आक्कांनी सरळ खिशात हात घातला. करंजी निघाली, रुमालात बांधलेली. "तीनबी खरंच की वो!" बँकेतला मुलगा हसून लोळायचा बाकी राहिला.

"आप्पा, एक खोटं सांगायचं असतंय," मी म्हटलं.

आप्पांनी दिव्यांकडं बोट केलं. "बाई, दिवा लागलाय म्होरं. दिव्याम्होरं खोटं कसं बोलायचं?"

मी कपाळावर हात मारला. सणच दिव्यांचा, आणि लेकीनं खेळ पाठवला खोटं बोलण्याचा. पण बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरंच आहे, नाही बोलायचं. मुलगा उठून उभाच राहिला, वर्गात चूक कबूल करावी तसा. "काकू, एक, ऑफिसात माझ्या कन्नडला सगळे हसतात. दोन, हिला स्वयंपाक मीच शिकवला. तीन, काकांची सायकल पाडून मडगार्ड वाकवलं ते मी."

अरे देवा! त्या मडगार्डापायी मी दूधवाल्याशी दोन महिने अबोला धरला होता. बिचारा शप्पथ घेऊन सांगत होता. मी पोराला चांगलंच फैलावर घेतलं आणि घेता घेता मलाच हसू फुटलं.

मग आक्का. त्या हसल्या नाहीत. "एक, तुझी खोबऱ्याची वडी मला कवाच आवडली न्हाय, लई कडक असतीया. दोन, तुझ्या मालकांनी मला बँकेत सही कराय शिकवलं, ह्यास्नी ठाव न्हाय. तीन..." त्यांनी हातातल्या बांगड्या मागं सारल्या. "तीन, ते गेल्यापास्नं रोज सकाळी तुझी खिडकी उघडल्याबिगर मी चा घेत न्हाय. एकदा तू उशिरा उठलीस, नऊ वाजंपत्तोर माझं डोस्कं दुकलं."

सहा महिने मी समोरच्या घराकडं पाहून म्हणत होते, यांना आपली काय पडलीय. आणि ही बाई रोज माझ्यासाठी उपाशी बसत होती, तेही एका शब्दानं न सांगता. देवा, किती आभार मानू तुझे, आणि माझ्या आंधळेपणाला काय म्हणू!

"आता तू," आक्का म्हणाल्या.

मी दिव्यांकडं बघितलं. "एक. लेकीनं मला कायमचं बोलावलंय. दोन. मी तिला हो म्हटलंय. तीन. मला जायचंय."

आप्पांनी रुमालातली करंजी गुपचूप टेबलावर ठेवली. आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. वरच्या मुलाची बायको हळूच म्हणाली, "कधी निघणार काकू?"

तेव्हा मात्र मी भडकलेच. "अरे, खेळ कळतो का नाही तुम्हाला? दोन खरं, एक खोटं! इतक्या जणांत नियमानं खेळले ती मी एकटी, आणि तुम्ही रडत काय बसलाय? ओळखा की!"

आक्कांनी पदर खाली घेतला. बोटं मोजली. "बोलवलंय, ते खरं. व्हय म्हणालीस, ते..." त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. "तिसरं? तिसरं खोटं?"

मी होकाराची मान डोलावली.

"दिव्याम्होरं खोटं बोललीस व्हय गं, शाळंतली बाई असून!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत असा काही धपाटा घातला की चष्मा मांडीवर पडला. आणि मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मला रडारड सोसत नाही हे मी आधीच सांगितलंय. त्या दिवशी सोसली.

दिवे विझायच्या आत फोन लावला. लेक आधी चिडली. "मग हो कशाला म्हणालीस?"

"वाटलं, एकटी पडले."

"आणि आता?"

मागं आप्पा करंजी परत मागत होते, आक्का देत नव्हत्या, पोरगा कन्नडमध्ये काहीतरी म्हणून दाखवत होता आणि त्याची बायको त्याला हसत होती. मी दुसऱ्या कानावर हात दाबला.

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल गं. इथं कुणी गप्पच बसेना."