डिंकबाईंची नीटनेटकी घरं

लेकीच्या शाळेतल्या हस्तकलेच्या बाईंना मुलं माघारी डिंकबाई म्हणतात. त्यांच्या बोटांवर वाळलेल्या डिंकाचे पापुद्रे असतात आणि बोलता बोलता त्या ते सोलून टेबलाखाली टाकतात. मला बघवत नाही. तरी त्यांच्या खास वर्गात लेकीची निवड झाली तेव्हा मी हरखले होते. आठवडाभर पाठ्यपुस्तकं बंद. नुसती माती, कागद, पुठ्ठा आणि मुलांचं डोकं. शुक्रवारी प्रत्येकाने पालकांना आपली वस्तू दाखवून चार शब्द बोलायचे.

चारचौघांत आमच्या पोरीच्या तोंडून शब्द फुटत नाही, याची मला कायमची धास्ती. पण गुरुवारी जेवताना तिची बडबड थांबेना. तिने पुठ्ठ्याचं घर केलं होतं आणि दार ठेवलं होतं छपरात.

"मग माणसं आत जाणार कशी?" तिच्या बाबांनी विचारलं.

"शिडीने. नको ते पाहुणे दिसले की शिडी वर ओढून घ्यायची."

"आत्याला सांगू नकोस हं."

"उद्या सगळ्यांनाच सांगणार आहे," ती म्हणाली. असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती.

शुक्रवारी वर्गात घरंच घरं. सगळी छपरं लाल, सगळी दारं समोर, खिडक्या फूटपट्टीने आखलेल्या. लेक आपलं घर शोधत फिरत राहिली. शेवटी तिच्या नावाची चिठ्ठी सापडली. छपरातलं दार चिकटपट्टीने बुजवून वर रंग फासला होता. शिडी कापून तिचं कुंपण केलं होतं.

"बाई, हे माझं नाही."

"तुझंच आहे गं राणी. जरा नीट केलंय."

मी बाईंना बाजूला घेतलं. त्या ओशाळल्यासुद्धा नाहीत.

"नवी होते तेव्हा मुलांनी केलेलं तसंच मांडलं होतं. मुख्याध्यापिका सगळ्यांदेखत म्हणाल्या, हा उकिरडा कोणी मांडला? तेव्हापासून मुलं गेली की मी थांबते. घरचे ओरडतात, पाठ धरते. करते कुणासाठी, सांगा?" आणि त्यांनी अंगठ्यावरचा एक पापुद्रा सोलला.

लेकीची पाळी आली. ती घराकडे बघत उभी राहिली. समोरून डिंकबाई नुसते ओठ हलवून वाक्य पुरवत होत्या. मी, जिने तिच्या बोलण्यासाठी इतका जीव टाकला, मनात म्हणत होते, गप्प राहा बाळा.

तिने बाईंच्या ओठांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे माझं घर. याचं दार समोर आहे. हे मी स्वतः केलं."

टाळ्या पडल्या. "बघा, किती धीट झाली," मुख्याध्यापिका मला म्हणाल्या. मी टेबलावरचं घर उचललं.

परतताना विचारलं, "शिडीचं का नाही सांगितलंस?"

"बाईंच्या वाक्यात नव्हती ना."

ती हात मोकळे सोडून पुढे चालत होती. घर माझ्याकडे होतं. डिंक अजून पुरता वाळला नव्हता. बोटांना चिकटत होता.