चेअरमनच्या शोकेसमधला फ्यूज

चौसाळ्याला एसटीतून उतरले तेव्हा दातांत धूळ करकरत होती. रसवंतीवाल्याकडे पाणी मागितलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "रस घ्या ताई. पानी लई महाग हाय." मुकाट्याने दोन ग्लास रस प्यायले.

मी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त झाल्यापासून लोकांच्या दिवाणखान्यातले जुने फ्यूज ओळखून देते. फ्यूज म्हणजे तोफगोळ्याच्या टोकाची पितळी टोपी. तिच्यावरचं आकड्यांचं कडं फिरवून गोळा किती वेळाने फुटायचा ते ठरवतात. लोक तिच्यात उदबत्त्या खोचतात, तिचा टेबललॅम्प करतात, आणि मी त्यांचाच चहा पिऊन त्यांची झोप उडवते.

इथे मला बोलावलं होतं चौसाळ्यापलीकडच्या एका गावातल्या सोसायटीच्या चेअरमननी, बापूंनी. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या फौजेतून आणलेला फ्यूज शोकेसमध्ये प्लास्टिकच्या फुलांशेजारी असे. गावात पाण्याचा टँकर आला की फ्यूज सोसायटीच्या ओट्यावर यायचा. कड्यावरचे आकडे गल्ल्यांना वाटून दिलेले होते. बापूंनी डोळे मिटून कड्याला झटका द्यायचा. टोपीवर कोरलेल्या बाणासमोर ज्या गल्लीचा आकडा येईल, तिला पाणी आधी. त्याआधी पाळी चेअरमन ठरवत, तेव्हा बायकांनी हंडे एकमेकींच्या डोक्यात घातले होते.

आता शेषराव नावाचे सभासद अडून बसले होते. त्यांच्या गल्लीचा आकडा कधीच येत नसे. "त्यो बाम हाय. पोलिसात जमा करा," ते म्हणाले.

"ताई सांगतील तसं करू," बापू म्हणाले. म्हणजे गावाचं पाणी आणि भांडण, दोन्ही माझ्या गळ्यात.

बापूंच्या पत्नी कलिंदाकाकूंनी चिंच लावून लख्ख घासलेला फ्यूज आणला. टँकर येणार म्हटलं की त्या तो घासायच्याच. मी तो अंगणात पोत्यावर ठेवायला लावला आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. मंडळी एक पाऊल मागे सरली आणि माना दोन पावलं पुढे आल्या.

उडालेल्या गोळ्याच्या फ्यूजचं कडं ठेचून घट्ट बसलेलं असतं. हे तर फिरतंय, म्हणजे हा कधी उडालेलाच नसेल, आणि आत दारू असेल. खाली वाकले, तेव्हा बाजूला आरपार पाडलेली भोकं दिसली. आत काहीच नव्हतं. तोफेवरच्या गोलंदाजांना शिकवायला वापरतात तो कवायतीचा फ्यूज.

"फुटणार नाही. हा लढाईवर गेलेलाच नाही," मी सांगितलं.

बापूंचा चेहरा उतरला. "मंग आमचा आजा?"

"तोफ चालवायला शिकवत असतील."

"मास्तर व्हते म्हना की," काकूंनी सावरून घेतलं.

मग मी कड्याला झटका दिला. तीन. पुन्हा दिला. पुन्हा तीन. "तीन तर चेअरमनची गल्ली," शेषराव शांतपणे म्हणाले. सगळ्यांच्या माना बापूंकडे वळल्या. मी चष्मा पुसून पाहिलं. कड्याखालच्या खाचेत वर्षानुवर्षांचा चिंचेचा कोळ वाळून दगड झाला होता, आणि कडं नेमकं तिथेच अडखळत होतं. केसातली पिन काढून मी तो खरवडला आणि रॉकेल सोडलं. कडं भिंगरीसारखं फिरू लागलं.

टँकर आला. बापूंनी डोळे मिटून झटका दिला. बारा. शेषरावांची गल्ली.

"मंग देऊ का पोलिसात?" बापूंनी विचारलं.

"कावून?" शेषराव हंडा उचलत म्हणाले. "आजाची निशानी हाय. ऱ्हाऊ द्या गावात."

काकू मला एसटीपर्यंत पोचवायला आल्या. गाडी दिसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ताई, चिंच लावत ऱ्हायलं, तर परत अडकंन का वो?"

अडकणार होतं. काही वर्षांनी का होईना, नक्कीच. पण काकूंचं ते लख्ख घासणं मला मोडवेना.

"आता कधीच नाही, काकू," मी म्हटलं. फ्यूजच्या बाबतीत खोटा दाखला मी आयुष्यात पहिल्यांदाच दिला, आणि घरी पोचेपर्यंत मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.