डाव्या पायाची रबरी पट्टी

विमानदुरुस्ती करणाऱ्या त्या मिस्त्रींना अख्खा फ्लाइंग क्लब ‘नाहीबुवा’ म्हणायचा. तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही उत्तराची सुरुवात दुसऱ्या शब्दाने केली नव्हती. “विमान तयार आहे?” “नाही बुवा, ब्रेक बघायचेत.” “चहा घेणार?” “नाही बुवा,” आणि वर दोन कप रिचवायचे. त्यांची सही झाल्याशिवाय क्लबचं एकुलतं एक शिकाऊ विमान जागचं हलत नसे. ती सही मागायला जाणारा माणूस घरी सांगूनच निघायचा.

त्या मंगळवारी सही मागायला आली त्यांचीच लेक. गुरुवारी तिची वैमानिकाची परीक्षा होती. परीक्षक तीन महिन्यांतून एकदाच उगवत, आणि नोकरी सांभाळून उड्डाणाचे तास भरता भरता पोरीची दोन वर्षं गेली होती.

“बाबा, एक नजर टाका आणि सही करा.”

एक नजर! जो गृहस्थ भाजीची जुडीसुद्धा सोडून, उलटी करून, झटकून घेतो, त्याला ही म्हणते एक नजर! नाहीबुवा डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. या विमानाचा पाय म्हणजे पोलादाची जाड, वाकवलेली पट्टी. उतरताना विमानाचा सगळा दणका तीच सोसते. तिच्यावर, चढताना बूट टेकवायच्या जागी, काळं रबर चिकटवलेलं होतं. त्याची कड उचललेली दिसली. त्यांनी नखाने ओढली, तर आतून तांबूस पाणी ओघळलं.

“कुठल्या गाढवाने हे रबर इथे चिकटवलं? पाणी आत मुरतं एवढंही कळत नाही?”

हँगरातल्या सगळ्यांनी लेकीकडे पाहिलं.

“तुम्हीच, बाबा,” लेक म्हणाली. “गेल्या वर्षी. माझा पाय घसरला होता म्हणून.”

नाहीबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कुणाकडेही न बघता पॉलिश पेपर घेऊन गंज घासायला लागले. वरवरचा असेल तर घासून, रंग लावून भागणार होतं. तासभर घासलं. गंज गेला, खड्डा राहिला. खोली मोजली, पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजताना त्यांनी मापकालाच दोन शिव्या हासडल्या.

“चालतंय तेवढ्यापेक्षा केसभर जास्त आहे. पाय बदलायला हवा.”

“केसभर? बाबा, केसभर?”

“मिस्त्री, पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे हो,” क्लबचे चिटणीस म्हणाले. “शुक्रवारी बदला की!”

“नाही बुवा.”

वहीत त्यांनी लिहिलं: ‘डावा पाय गंजला. रबर मीच चिकटवलं होतं.’ खाली सही. लेकीला हवी होती ती सही मात्र झाली नाही.

घरी बायकोने ताट आदळलं. “अहो, स्वयंपाकघरातला नळ चार महिने ठिबकतोय, तो नाही दिसत? पोरीचं विमान तेवढं बरं दिसलं!”

गुरुवारी परीक्षक आले, चहा प्यायले, गेले. लेकीने अबोला धरला. नवा पाय यायला नऊ दिवस लागले. जुन्याचे बोल्ट असे धरून बसले होते, जणू विमान त्यांच्याच नावावर आहे. तेल पाजून, ठोकून, विनवण्या करून नाहीबुवांचा अर्धा दिवस गेला. शेवटच्या बोल्टला बॅटरीचा उजेड कमी पडत होता, तेवढ्यात तो वाढला. मागे लेक बॅटरी धरून उभी होती. तिने जुन्या पायाच्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. नख आत अडकलं.

“एवढा खोल?”

“नाही बुवा. केसभरच.”

ती हसू दाबत म्हणाली, “आता तीन महिने माझी कटकट ऐका.”

नवा पाय बसला. नाहीबुवांनी विमान तीनदा हलवून, दोनदा आडवं झोपून तपासलं आणि एकदाची सही केली. सरावासाठी लेक चढायला गेली. नवाकोरा, गुळगुळीत रंग. बूट सर्रकन घसरला.

“बाबा, पाय घसरतोय!”

नाहीबुवांचा हात सवयीने रबराच्या गुंडाळीकडे गेला. मग तो हात जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते त्याच्यावर खेकसले आणि गुंडाळी लांब भिरकावून ओरडले, “नाही बुवा! बूट बदल!”