शुभेच्छुकांच्या रांगेत
शेजारच्या खोलीतली माझी मैत्रीण सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय फुटबॉल संघात निवडली गेली, आणि मंडळाने लालबागच्या नाक्यावर तिचा भलामोठा बॅनर लावला. परळच्या मैदानावर आम्ही एकत्रच खेळायचो. डाव्या पायाने किक मारायला तिला मीच शिकवलं होतं. बॅनरवर ती भारताच्या जर्सीत, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिलाच, खजिनदाराच्याही आधी, माझा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो! जिवाची नुसती आग झाली.

जागतिक स्पर्धेत आपल्या मुली पहिलाच सामना सपाटून हरल्या. टीव्हीसमोर बसलेली अख्खी चाळ हळहळली. मीही "अरेरे" म्हटलं आणि घरी येऊन दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

ती परत आल्यावर मी तडक विचारलं, "माझा फोटो तिथे कोणी टाकायला सांगितला गं?"

"मीच. म्हटलं, सगळ्यात पहिला हिचा लावा. माझा डावा पाय हिनेच तयार केलाय."

ती खेळात पुढे गेली, ते मी कसंबसं गिळलं असतं. पण ती मनानेही चांगली निघाली, ते मला आजतागायत पचलेलं नाही.