ओळखीची हाक

मूर्तिजापूरजवळच्या एका गावचे खुशालराव कारगिलच्या लढाईत स्ट्रेचरवर जखमी वाहायचे. त्यातल्या एका खेपेबद्दल त्यांना पदक मिळालं. दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांचा सत्कार होतो आणि त्या खेपेत वाचलेला देवानंद तेल्हाऱ्याहून मुद्दाम येतो.

स्ट्रेचरवाल्यांचा नियम काही अवघड नव्हता. ओरडणाऱ्याच्या अंगात अजून जोर असतो. गप्प पडलेल्याला आधी उचलायचं. त्या दिवशी कड्यावर दोघं पडले होते. एक निपचित. दुसरा, पायात गोळी लागलेला, ओरडत होता, "मले ने गा भाऊ!" त्या परमुलखात आपली वऱ्हाडी कानावर पडली आणि खुशालरावांनी जोडीदाराला तिकडंच ओढलं. गोळीबारातून देवानंदला खाली पोचवून ते परत चढले, तोवर निपचित पडलेला थंड झाला होता.

यंदाही देवानंदनं माइकवर सांगितलं, "माह्या एका हाकेवर धावले हे, म्हनून मी वाचलो."

टाळ्या वाजत राहिल्या. खुशालरावांची मान काही वर होईना.

"पाहा पोरांनो," शेजारी बसलेल्या सरपंचबाई म्हणाल्या, "एवढं पदक भेटलं, पन मानसाले गर्व नाही."